तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी आधी गरम केली तर बॅटरी संपत नाही का?

मी नॉर्वेत लिलेहामरला राहतो. पुण्या-नाशिकचे नातेवाईक आणि इथे नव्याने आलेले मराठी मित्र मला हमखास विचारतात, की उणे 15 अंशांत निघण्याआधीच विजेवरची गाडी गरम करत ठेवली, तर बॅटरी त्यातच संपत नाही का? गाडी घरच्या चार्जरला जोडलेली असेल तर संपत नाही, आणि आमची रोजची सारी व्यवस्था याच एका अटीवर उभी आहे.

केबिनचा हीटर सुरुवातीला साधारण 5 किलोवॅट वीज ओढतो, म्हणजे 20 मिनिटांत दीडएक युनिट. हिवाळ्यात माझ्या गाडीला 100 किलोमीटरला वीसेक युनिट लागतात. तेव्हा हीच ऊब बॅटरीतून घेतली, तर निघण्याआधीच सात-आठ किलोमीटर खर्ची पडतात. भिंतीवरचा चार्जर 7.4 किलोवॅट देतो, त्यामुळे ही सगळी गरज घरच्या विजेवर भागते. साध्या सॉकेटवर मात्र 10 अँपिअरने जेमतेम 2.3 किलोवॅट मिळतात, हीटरला त्याहून अधिक हवे असतात आणि तूट बॅटरी भरून काढते. केबल लावलेली असूनही टक्के उतरताना दिसतात ते यामुळे. तो बिघाड नव्हे.

माझ्या मते त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे ते चार्जिंग कधी संपते याकडे. लिथियम-आयन सेल गोठणबिंदूखाली असताना वेगाने चार्ज केले, तर लिथियम ॲनोडमध्ये (सेलच्या ऋण टोकात) शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपात साचू लागते आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. म्हणून थंड बॅटरीचे चार्जिंग गाडी स्वतःच मंद करते, आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही सुरुवातीला फारशी स्वीकारत नाही. संध्याकाळी घरी येताच चार्जिंग उरकले, तर सकाळपर्यंत बॅटरी पुन्हा गारठते. ते पहाटे संपवले, तर चार्जिंगमुळे आलेली थोडी ऊब निघताना उपयोगी पडते.

तरीही अगदी निघण्याच्या क्षणापर्यंत मी चार्जिंग लांबवत नाही, कारण इथले वीजबिल. जुलै 2022 पासून नॉर्वेत वीजवहन शुल्काचा एक भाग महिन्यातल्या सर्वाधिक वापराच्या तासांवर, तेही तीन वेगवेगळ्या दिवसांच्या, ठरतो. सकाळी 7 वाजता घरातले हीटर, शेगडी आणि गाडी एकदम चालू झाली, तर या शुल्काचा वरचा टप्पा सहज लागू होतो. म्हणून रात्रीच्या स्वस्त दरात, सहाच्या आत 80 टक्क्यांपर्यंत चार्जिंग संपवायचे, नंतर फक्त केबिन तापवायची आणि केबल निघतानाच काढायची, हा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो.

परतीच्या वेळी, जिथे प्लग नसतो तिथे, काचा स्वच्छ होण्यापुरतीच मी केबिन गरम करतो आणि पुढे सीट व स्टिअरिंगच्या हीटरवर भर देतो. अंगाला थेट ऊब देणारे हे हीटर सगळी हवा तापवण्यापेक्षा फारच कमी वीज घेतात. पुण्यात मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी निघण्याआधी थंड करतानाही हिशोब हाच आहे: सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमचा चार्जर असेल, तर केबल लावलेली असतानाच एसी सुरू करा.