सर कार्यमुक्त होण्याआधी

माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात रुजू होणार असल्याचे मला विभागातल्या शिपाईकाकांकडून कळले. गेवराई तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजण्याचे माझे ते दुसरे वर्ष होते, नोंदवहीतला मे महिन्याचा रकाना अजून कोरा होता, आणि पाण्यातले क्षार मोजायचा मीटर सरांच्या प्रकल्पातून घेतलेला असल्यामुळे सर गेल्यावर तो कुणाकडे राहणार, हीच चिंता मला आधी लागली.

आपल्याकडे गाईडशी नाते घरच्यासारखे असते. त्यामुळे ‘सर, माझ्या नोंदणीचे काय?’ असे विचारणे मला उद्धटपणाचे वाटले आणि मी तीन आठवडे गप्प राहिले. परिणामी सर कार्यमुक्त झाले तेव्हा माझ्या सहामाही प्रगती अहवालावर त्यांची सही नव्हती, कार्यालयाने अहवाल घेतला नाही आणि त्या एका सहीसाठी मला रात्रभर एसटीचा प्रवास करावा लागला. सरांनी सही करता करता विचारले, “अगं, आधी का नाही सांगितलंस?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

विद्यार्थ्याची नोंदणी विद्यापीठाकडे असते, मार्गदर्शकाबरोबर ती आपोआप जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार बाहेरच्या संस्थेतील प्राध्यापक मुख्य मार्गदर्शक होऊ शकत नाही. मान्यता मिळाल्यास सह-मार्गदर्शक मात्र होऊ शकतो. म्हणून बहुतेकांसाठी व्यवहार्य वाट हीच, की आपल्याच विद्यापीठात नवा मार्गदर्शक शोधावा आणि जुन्या सरांना सह-मार्गदर्शक ठेवण्याचा अर्ज सर कार्यमुक्त होण्याआधी, त्यांच्या संमतिपत्रासह द्यावा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

खरी अडचण नवा मार्गदर्शक मिळण्याची आहे. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थीच घेता येतात, निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, आणि आपल्या विभागांतल्या प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिकाम्याच आहेत. त्यामुळे विद्यापीठाच्या आवारापुरते न पाहता संलग्न महाविद्यालयांतल्या संशोधन केंद्रांतही विचारावे; मला माझ्या नव्या मार्गदर्शक मॅडम अशाच एका केंद्रात मिळाल्या. विषय थोडा वाकवावा लागला, कारण त्यांचा अभ्यास पीकपद्धतीवर होता, पण त्यामुळे प्रबंधात उसाचे एक प्रकरण वाढले आणि ते आता मला सर्वांत बरे वाटते.

सरांबरोबर जाण्याचा विचार मीही केला होता. तिकडे नव्याने प्रवेश घ्यावा लागला असता, झालेली वर्षे हिशेबात धरली जातीलच याची खात्री नव्हती, आणि विहिरी तर गेवराईतच राहणार होत्या. महिला संशोधकाला विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करावे लागल्यास संशोधनाच्या नोंदी (डेटा) नव्या संस्थेत नेण्याची मुभा नियमावलीत आहे. मात्र ते संशोधन संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मंजूर झालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावे, अशी अट आहे. यंत्र तेवढे प्रकल्पाचे, विषय माझा, हे विभागप्रमुखांकडून मी लेखी घेतले होते, ते मी इथेच राहिले तरी कामाला आले: माझ्या नोंदींवर पुढे कुणी हक्क सांगितला नाही.

ज्यांचा प्रबंध लिहून होत आला आहे त्यांनी या फेऱ्यांत न पडता सर असेपर्यंत तो सादर करून टाकावा. बाकीच्यांनी दिवस मोजावेत, कारण प्रवेशापासूनची 6 वर्षांची मर्यादा मार्गदर्शक बदलला म्हणून नव्याने सुरू होत नाही.

मीटर विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढला. मे महिन्यात तो मला मिळाला तो पावतीवर, 15 दिवसांच्या बोलीने, आणि बॅटरी माझ्या खर्चाने.