गुंडाळलेला टॉवेल

दिवाळीच्या आधीची एक दुपार. घराघरांत आकाशकंदिलाची वायर ग्रिलला बांधायची चाललेली, आणि खालच्या गल्लीत कुणीतरी एक सुतळी बॉम्ब वाजतोय का ते बघतं. वाजतो. कुत्रा पलंगाखाली, बॅगांच्या मागे. वन रूम किचनमध्ये पळून पळून जाणार कुठे?

फटाक्याचा आवाज 4 मीटरवर 125 डेसिबलच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. 4 मीटर म्हणजे आपल्याकडे या गॅलरीतून त्या गॅलरीत साखर मागता येईल एवढं अंतर. तेव्हा नियमाचं राहू द्या, कुत्र्याला रमवायला जुना टॉवेल काढा.

मराठी घरात टॉवेल कधी मरत नाही. अंग पुसून झालं की फरशी, मग पायपुसणं. दिवाळीत त्याला मधली एक नोकरी द्यावी. जमिनीवर पसरून त्यावर कुत्र्याच्या कोरड्या खाण्याचे मूठभर दाणे टाकायचे आणि सैल सुरळी करायची. नाकाने उलगडत खाणं हा खेळ. दाणे रोजच्या वाट्यातलेच. फराळाने फुगायला माणसं पुरेशी आहेत. दोन-तीन दिवसांनी सुरळी घट्ट, त्यानंतर मधोमध गाठ. पहिल्याच दिवशी गाठ मारली की कुत्रा टॉवेल फाडतो नाहीतर उठून जातो, आणि घरात निकाल लागतो : ‘आमच्याला खेळायची आवडच नाही.’ चिंध्या गिळायला लागला तर मात्र टॉवेल बंद, पुठ्ठ्याचं खोकं सुरू.

चेंडू नको. गुळगुळीत लादीवर पाय घसरतात, आणि आधीच धडधडणाऱ्या जिवाला आणखी पळवून काय मिळवायचं? त्यापेक्षा सुती साडीची वेणी घालून ओढाओढी करावी. हात खाली ठेवून आडवं ओढायचं. वर उचललं की मानेला हिसका बसतो. 15-20 सेकंद ओढायचं, थांबायचं, ‘सोड’ म्हणायचं. सोडलं की पुन्हा सुरू.

खरी चूक होते ती क्रमात. आवाज आधी हवा, खाऊ लगेच नंतर. दरवेळी खाऊ आधी आणि धमाका मागून झाला, तर चार दिवसांत तो खाऊचा डबा उघडला तरी दचकतो. म्हणून सुरुवात दिवाळीच्या दोनेक आठवडे आधी, मोबाइलवर फटाक्यांचा अगदी बारीक आवाज लावून.

खाऊ कोणता? रव्याच्या लाडवातला बेदाणा नको, मूत्रपिंडावर जातो. चॉकलेटही नको. बिनसाखरेचं दही ताटलीत पसरून फ्रीजरमध्ये ठेवलं की चाटण्यात बराच वेळ जातो.

आणि आवडता खाऊही हुंगेना, धापा टाकतोय, लाळ गळतेय, तर खेळ तिथेच थांबवायचा. मोरीत जाऊन बसला तर बसू द्यावं. खिडक्या बंद, पंखा मोठा. अंगाशी आला तर खुशाल जवळ घ्यावं, कुरवाळल्याने भीती लाडावत नाही. दरवर्षी असंच होत असेल तर डॉक्टरांना आधीच भेटावं, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून काही होत नाही. फिरवून आणायचं ते अंधार पडायच्या आत, पट्टा दोनदा तपासून.

खाली पार्क केलेल्या गाडीखाली गल्लीतलं कुत्रं असतं. त्याला टॉवेल कोण गुंडाळणार? रात्री ते जिन्याखाली येऊन बसलं, तर तेवढं हाकलू नये.