गेटवरचे १६०

सकाळची शिफ्ट होती. बारा वाजता इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा जेईई मेनचा पेपर सुटला आणि हिंगणा रोडवरच्या सेंटरमधून लेक हसतच बाहेर आली. "कमीत कमी १६० येऊन राहिले, बाबा!" लोकमान्य नगर स्टेशनजवळ तर्री-पोहे खाल्ले. तिच्या आईला फोन झाला, आईने मामाला केला. मेट्रो सीताबर्डीला पोचेपर्यंत व्हीएनआयटीत, म्हणजे नागपूरच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात, कोणती ब्रँच घ्यायची इथवर गोष्ट गेली होती. (तिथल्या अर्ध्या जागा आपल्या राज्यातल्या मुलांना, हे मामाला पाठ आहे.)

मी पतसंस्थेत हिशेब लिहितो. तोंडी आकड्यावर विश्वास ठेवत नाही, पण त्या दिवशी ठेवला.

काही दिवसांनी परीक्षा घेणाऱ्या एनटीएने रिस्पॉन्स शीट (तिने दिलेली उत्तरं) आणि तात्पुरती आन्सर की (बरोबर उत्तरं) टाकली. की उघडायच्या आधी मी तिला एक काम दिलं. सोडवलेल्या ५८ प्रश्नांपुढे एकेक अक्षर लिही: ख म्हणजे खात्री, अ म्हणजे अर्धवट, तु म्हणजे तुक्का. कुरकुरली, पण लिहिलं. मग जुळवायला बसलो. बरोबर आलं तर ४, चुकलं तर वजा १.

तुक्के ८, लागले २, हाती २ गुण. क्लासमध्ये तुक्क्यावर इतकी ओरड असते, पण चार पर्यायांच्या प्रश्नांत डोळे मिटून चार तुक्के मारले तर सरासरी एक लागतो, तीन जातात, तरी एक गुण उरतोच. आकडा टाइप करायचे प्रश्न, प्रत्येक विषयात पाच, तिथे मात्र तुक्का म्हणजे पाण्यात पैसे. अर्धवट १६, बरोबर ७, गुण १९. खात्रीचे ३४, बरोबर २७, गुण १०१.

बेरीज १२२.

ती गप्प. मी पुन्हा केली, १२२च.

खड्डा खात्रीच्या खान्यात होता. तिथे चुकलेल्या ७ प्रश्नांचे न मिळालेले २८ आणि कापले गेलेले ७, मिळून ३५. ते धरले तर १५७ होतात. म्हणजे गेटवर पोरगी फेकत नव्हती. ते सात प्रश्न तिच्या डोक्यात जमाच होते. तीन ठिकाणी उणे चिन्ह हरवलेलं, दोन ठिकाणी सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिलेले, एकात 'चुकीचे विधान कोणते' विचारलं तर हिने बरोबर विधान निवडलेलं. खरोखर न येणारा एकच. एका उत्तरावर तर ती आक्षेप घ्यायला निघाली होती, प्रश्नाला २०० रुपये. फी भरायच्या आधी पुन्हा सोडवायला लावलं, तर तेही त्या तीन उण्यांपैकीच निघालं.

मामा अजून 'इतक्या मार्कांना इतके पर्सेंटाइल' असे तक्ते पाठवून राहिला आहे. पर्सेंटाइल, म्हणजे शेकडा किती मुलं आपल्या बरोबरीत किंवा मागे, आपल्याच शिफ्टच्या मुलांमधून निघतो, तिथे दुसऱ्या शिफ्टचा तक्ता काय कामाचा? पण मामाला कोण सांगणार.

आता एप्रिलमध्ये पुन्हा द्यायच्या पेपरसाठी नवीन पुस्तक आणलं नाही. रोज रात्री २५ प्रश्न, आधी अक्षर, मग उत्तर तपासणं. काल खात्रीचे १९ होते, १८ बरोबर. उरलेला एक शोधताना तिने विचारलं, "तुमच्याकडे एका रुपयाचा फरक आला तर काय करता?"

"सापडेपर्यंत घरी येत नाही."

"म्हणूनच आई चिडून राहते," ती म्हणाली आणि पान उलटलं.