पीएचडीनंतर एमबीए: परीक्षा सोपी, दाखला अवघड

संशोधनातून एमबीएकडे वळायचं म्हटलं की जो तो जीमॅट या प्रवेशपरीक्षेचंच बोलतो. क्लासवाले बोलतात, लिंक्डइनवरचे सल्लागार बोलतात, लॅबमधले ज्युनिअरही तेच विचारतात. संशोधकाला परीक्षेचं ओझं फारसं होत नाही. घोडं पेंड खातं ते एका कागदापाशी, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे लिहितेय. तो कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षं राबलेल्या माणसाकडे आपण पूर्णवेळ काम करत होतो याचा साधा पुरावा नसतो. पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ म्हणजे पगारावर कापलेल्या कराचा दाखला नाही, पीएफचा नंबर नाही. आणि बिझनेस स्कूलच्या कागदपत्र तपासणीत नेमकं हेच मागतात.

परीक्षेचं आधी उरकते. नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅट नव्या स्वरूपात आहे: क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी) आणि डेटा इनसाइट्स (आकडेवारीचा अर्थ लावणं), प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न, गुण २०५ ते ८०५. निबंध गेला, भूमिती गेली. आपल्यासारख्यांचे गुण जातात ते डेटा सफिशियन्सीत. दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच विचारलेलं असतं आणि आपण सवयीने उत्तर काढत बसतो. पुरेशी आहे हे कळलं की पुढे जायचं. पूर्वी जीआरई (परदेशी उच्चशिक्षणासाठीची परीक्षा) दिलेली असेल तर तिची तारीख बघा. दोन्ही परीक्षांचे गुण पाच वर्षं चालतात आणि बहुतेक बिझनेस स्कूल दोन्हीही घेतात. आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे कॅटचे गुण मात्र एका प्रवेशवर्षापुरतेच.

अर्ज कुठे करायचा, हे दाखल्यावरच ठरतं. आयआयएमच्या दोन वर्षांच्या पीजीपीला, म्हणजे तिथल्या एमबीएला, अनुभवाची सक्ती नाही, पण शॉर्टलिस्टच्या गणितात दहावी, बारावी आणि पदवीचे गुण मोजले जातात. पीएचडीला टक्के नसतात, त्यामुळे तिथे ती जवळजवळ अदृश्य होते. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांना किमान अनुभव लागतो: आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपीला २४ महिने पूर्णवेळ काम, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला पदवीनंतरची चार वर्षं. अमेरिकेत हार्वर्ड, स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी किमान अट नाही, पण निबंध, रेझुमे आणि शिफारसपत्रांतून तुम्ही कामाचा माणूस आहात हे दिसावं लागतं.

आता कटकटीच्या भागाकडे.

संशोधनातली वर्षं बाहेरून सारखी दिसली तरी कागदावर ती तीन तऱ्हांची असतात. पीएचडीला नोंदणी करून फेलोशिपवर काढलेली वर्षं. नोंदणी नसताना प्रोजेक्ट असोसिएट म्हणून एखाद्या प्रकल्पावर काढलेली. आणि पीएचडीनंतर रिसर्च असोसिएट किंवा पोस्टडॉक म्हणून काढलेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला भारतातली बिझनेस स्कूल सहसा काम मानतात, कारण नेमणुकीचा आदेश असतो आणि पदवीशी त्याचा संबंध नसतो. पहिला प्रकार वादाचा. पदवीसाठी केलेलं काम हे शिक्षणच, अशी अनेकांची भूमिका असते. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून थेट विचारा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अमुक पदावर होते, पदवीसाठी नोंदणी होती किंवा नव्हती, दरमहा इतकी रक्कम मिळत होती, यातले किती महिने धराल? फोनवरचं ‘हो हो, चालेल’ उपयोगाचं नाही. लेखी उत्तर जपून ठेवा आणि पुढे अर्जासोबत जोडा.

दाखला कोणी द्यायचा, इथून टोलवाटोलवी सुरू होते. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेचंच घ्या. फेलोशिपचे पैसे सीएसआयआरच्या मानव संसाधन विकास गटाकडून येतात, पदवी ‘अ‍ॅकसिर’ या सीएसआयआरच्याच अकादमीची असते आणि बसायची जागा प्रयोगशाळेची. आमच्याकडची रचना जवळपास अशीच होती. अकॅडमिक सेक्शन म्हणतो, आम्ही फक्त बोनाफाइड देतो. एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणारा विभाग, म्हणतो, फेलो हा कर्मचारी नाही, त्याची सर्व्हिस फाइल आमच्याकडे नाही. अकाउंट्स म्हणतो, पैसे आम्ही देत नाही, ते थेट तुमच्या खात्यात जातात. तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, म्हणून तर भांडताही येत नाही. पीएचडीच्या गाइडची सही चालत नाही. त्यांचं पत्र कितीही गोड असलं तरी तपासणीवाल्यांना प्रशासकीय अधिकाऱ्याची किंवा रजिस्ट्रारची सही आणि कार्यालयाचा जावक क्रमांक लागतो.

सगळ्यात घातक कागद म्हणजे तो बोनाफाइड. मागितला की लगेच मिळतो आणि त्यात पहिल्याच ओळीत तुम्ही संस्थेचे विद्यार्थी असल्याचं छापलेलं असतं. तो अर्जात गेला की तुमच्याच हाताने तुम्ही पाच वर्षं शिक्षणात घातली. तो जोडूच नका.

त्याऐवजी दाखल्याचा मसुदा स्वतः टाइप करून न्या. ‘दाखला द्या’ म्हटलं की फाइल फिरते. ‘हा मसुदा तपासून सही करा’ म्हटलं की निदान कोणाच्या तरी टेबलावर थांबते. मसुद्यात काय हवं ते सांगते. पदनाम, नेमणूक आदेशातलं जसंच्या तसं. रुजू झाल्याची आणि कामाची शेवटची तारीख, किंवा अजून कामावर असाल तर ‘आजतागायत’. प्रकल्पाचा मंजुरी क्रमांक आणि निधी देणारी संस्था. दरमहा रक्कम आणि ती कधी बदलली. उदाहरणार्थ, जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला ३७,००० आणि सिनिअरला ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं; त्याआधीचे आकडे निराळे होते, ते दोन्ही लिहा. आणि शेवटी, काम पूर्णवेळ होतं हे वाक्य.

या ‘पूर्णवेळ’वर कारकून हमखास अडतो, कारण त्याच्या फाइलमध्ये तो शब्द कुठेच नसतो. तोड अशी: फेलोशिपच्या अटींत किंवा प्रकल्पाच्या जाहिरातीत, या काळात दुसरी कोणतीही नोकरी करता येणार नाही, असं कलम असतं. त्या पानाची झेरॉक्स काढा, कलमाखाली रेघ मारा आणि मसुद्याला टाचणीने जोडा. सही करणाऱ्याला स्वतःच्या मनाने काही लिहावं लागत नाही, फक्त नियमाचा हवाला द्यावा लागतो. सरकारी माणूस याला तयार होतो. माझा मसुदा आता माझ्या जुन्या संस्थेत नमुना म्हणून वापरतात असं ऐकते, आणि त्याचा मला माझ्या एका पेपरपेक्षा जास्त अभिमान आहे!

प्रकल्पावर काम केलेल्यांना आणखी एक खड्डा लागतो: ३१ मार्च. नेमणूक आर्थिक वर्षापुरती असते आणि मुदतवाढीचा आदेश निधी आल्यावर निघतो. मधल्या काळात तुम्ही लॅबमध्येच असता, कागदावर मात्र नसता. आदेश एकापुढे एक लावले की मध्ये फटी दिसतात आणि पडताळणी करणारी एजन्सी प्रत्येक फटीचा खुलासा मागते. म्हणून सुटे आदेश न देता एकच एकत्रित दाखला मागा, त्यात सगळ्या आदेशांचे क्रमांक आणि तारखा येऊ द्या. मुदतवाढ मागील तारखेपासून लागू केली असेल तर तसं स्पष्ट लिहून घ्या.

पैशाचा पुरावाही तसाच वेडावाकडा. फेलोशिप कधी चार-चार महिने थकते आणि मग एकरकमी जमा होते, घरभाड्याची थकबाकी तिसऱ्याच दिवशी. बँक स्टेटमेंट बघणाऱ्याला ते पगारासारखं दिसत नाही. शिष्यवृत्तीला आयकरात सूट असल्याने टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे २६एएस या कापलेल्या कराच्या पत्रकातही काही सापडत नाही. स्टेटमेंटमधल्या जमा नोंदी पिवळ्या करा, शेजारी कोणत्या महिन्यांची रक्कम ते लिहा आणि वर एका पानाचं स्पष्टीकरण जोडा. फॉर्म १६ च्या रकान्यात काहीतरी अपलोड केल्याशिवाय पोर्टल पुढे सरकत नसेल तर तिथे हेच पान टाका.

प्रत्येक अर्जाचा आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं काम कोणाचंच नसतं.

आणि संस्था सोडण्याआधी, कामावर असतानाच दाखला काढा. सोडल्यावर आधी नो ड्यूज लागतं: लायब्ररी, स्टोअर्स, हॉस्टेल, कॉम्प्युटर सेक्शन आणि गॅस सिलिंडर. तुमच्या इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) आलेला एखादा आर्गॉनचा सिलिंडर शेजारच्या लॅबने नेलेला असतो आणि तो परत आल्याशिवाय स्टोअर्सवाले सही करत नाहीत. कामावर असताना ‘आजतागायत’चा दाखला या फेऱ्यातून सुटतो.

इथून पुढचं काम स्वतःच्या हातात असतं. रेझुमे एका पानाचा. प्रकाशनांची यादी नको, एका ओळीत संख्या पुरते. ‘पॅलेडियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने संयुगांचं संश्लेषण’ हे वाचून ॲडमिशनवाला पान उलटतो. तेच काम असं लिहा: उत्प्रेरकाचं प्रमाण किती टक्क्यांवरून किती टक्क्यांवर आणलं, त्यामुळे दर ग्रॅममागे खर्च किती घटला, पद्धत पुढे कोणी वापरली. लॅबमधलं व्यवस्थापन आपण मोजतच नाही. इंडेंट, तीन कोटेशनं, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, परचेस कमिटी, उपकरणाचा वार्षिक देखभाल करार, निधी कुठे खर्च झाला ते सांगणारं वर्षअखेरचं उपयोगिता प्रमाणपत्र हे सगळं बजेट सांभाळणंच आहे. इनसिआड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलच्या अर्जात तर हाताखालची माणसं, बजेट, ग्राहक किंवा उत्पादनं आणि साधलेले परिणाम, असं थेटच विचारतात. अमेरिकेतलं एमआयटी स्लोन तुमच्या संस्थेचा ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली त्याचा तक्ता, मागतं. तिथे प्रमुख संशोधक, पोस्टडॉक, तुम्ही आणि तुमच्याकडे शिकलेले एमएस्सीचे विद्यार्थी, अशी उतरंड निःसंकोच काढा.

शिफारसपत्रासाठी गाइडला मोकळं सोडू नका. ते ‘अत्यंत हुशार, कष्टाळू, पहिल्या पाच टक्क्यांतला’ असं लिहितील, जे पोस्टडॉकसाठी ठीक आहे. बिझनेस स्कूलचा ठरलेला प्रश्न वेगळा असतो: तुम्ही या व्यक्तीला दिलेली सगळ्यात महत्त्वाची सुधारणेची सूचना कोणती आणि तिने ती कशी घेतली? भारतीय गाइडला हा प्रश्न चहाडीसारखा वाटतो आणि ते तिथे पुन्हा कौतुकच लिहितात. त्यांना आधीच दोन-तीन प्रसंग तारखांसकट आठवून द्या. दुसरं पत्र लॅबबाहेरच्या माणसाचं घ्या: उद्योगातला सहयोगी, किंवा ज्याच्यासोबत पेटंटचं काम केलं तो.

मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला. जनतेच्या पैशावर इतकी वर्षं शिकलात आणि आता संशोधन सोडताय? बचावाचा सूर लावू नका, आणि लॅबला शिव्या तर मुळीच नको. संशोधन प्रयोगशाळेतून बाजारात जाताना कुठे अडतं ते तुमच्या विषयातल्या एका ठोस उदाहरणाने सांगा: पायलट प्लांटचा खर्च, नियामक मंजुरी, परवान्याच्या अटी. बायोटेकवाल्यांनी बायरॅक या सरकारी संस्थेच्या ‘बिग’ नावाच्या अनुदानाबद्दल, ५० लाखांपर्यंत आणि १८ महिन्यांसाठी, वाचून जावं. तुमच्या रेणूचा बाजारभाव काय, हा प्रश्नही येतो, आणि बहुतेकांना तो माहीत नसतो.

राहिलंच. दाखल्याच्या मूळ प्रती चार तरी घ्या. एक प्रवेशाच्या वेळी, एक पडताळणी एजन्सीकडे, एक शैक्षणिक कर्जाच्या फाइलला आणि एक घरी. पडताळणीचा ईमेल संस्थेच्या कोणत्या पत्त्यावर येणार तेही विचारून ठेवा, कारण सही करणारा अधिकारी तोवर बदलून गेलेला असतो आणि नवीन माणूस तुम्हाला ओळखत नाही असं बिनदिक्कत कळवतो. त्याला जावक क्रमांकासह प्रत आधीच पाठवा.