नाण्याची झीज

आमच्या भाजीवाल्याला दहाचं नाणं दिलं की तो ते उलटसुलट करतो, अंगठ्याने चाचपतो आणि मग नाइलाजाने गल्ल्यात टाकतो. ते बघताना मला हमखास इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. तक्षशिलेचे सराफ दोन हजारांवर वर्षांपूर्वी हेच करत. चांदीचं आहत, म्हणजे ठसे ठोकून घडवलेलं, नाणं पारखायचं आणि त्याच्या पाठीवर आपला बारीकसा ठसा उमटवायचा. कोसंबींनी या ठशांची वजनाशी सांगड घातली. ठसे जास्त, तर वजन कमी. नाणं जितकं हातोहात फिरलं तितकं झिजलं, आणि झीज मोजता आली की कुठलं नाणं आधीचं, कुठलं नंतरचं, याचा अंदाज बांधता येतो. खात्री करून घ्यायला त्यांनी चालू नाणीही हजारोंनी तोलली. एकेक करून! मला तर शंभरातच जांभया आल्या असत्या.

पेशाने माणूस गणिती. जन्म १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद, पालीचे गाढे पंडित. शिक्षण हार्वर्डला, नोकरी फर्ग्युसनमध्ये आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायचं मात्र पुण्यातच; डेक्कन क्वीनने ये-जा.

आम्ही पुणेकर टेकडीवर जातो ते वजन उतरवायला. कोसंबी जायचे आणि वाकून गारेची नखाएवढी पाती वेचून आणायचे. ही अश्मयुगीन माणसाची हत्यारं. कुठल्या वाटेवर ती सापडतात, त्या वाटेवर म्हसोबा आणि तुकाई कुठे बसल्यात, हे त्यांनी पायी हिंडून, धनगरांशी बोलून टिपलं. पंढरीच्या वारीच्या वाटाही मुळात गुरं-मेंढरं घेऊन ऋतूप्रमाणे फिरणाऱ्यांच्या असाव्यात, असा तर्क त्यांनी त्यातूनच मांडला.

अशा माणसाला आपण ‘अष्टपैलू’ म्हणून हार घालतो आणि मोकळे होतो. मला तर त्यांची खोड एकच दिसते. हातात घेऊन मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. भर्तृहरीची सुभाषितं संपादताना शेकडो पोथ्या ताडून कुठला श्लोक सगळीकडे आहे आणि कुठला मागाहून घुसलाय, हे पाहायचं. १९४८ साली ती प्रत निघाली. तिकडे गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायला त्यांनी दिलेलं सूत्र पिकांच्या नव्या जाती काढणारे आजही वापरतात. त्यातल्या किती जणांना भर्तृहरी ठाऊक असेल कोण जाणे.

ही खोड महागातही पडली. रीमानचं गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांविषयीचं गणितातलं आजही न सुटलेलं कोडं, सुटल्याचा दावा त्यांनी केला, तोही शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, आणि तो टिकला नाही. अणुऊर्जेपेक्षा सूर्याची ऊर्जा वापरा, हा आग्रहही अनेकांना रुचला नव्हता. १९६२ मध्ये संस्थेने करार वाढवला नाही. १९६६ मध्ये ते गेले, साठीही न गाठता.

पण त्यांना नुसतं करारी म्हणून आठवू नये. १९३१ मध्ये आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या चिथावणीवरून त्यांनी एक शोधनिबंध लिहिला आणि त्यातल्या प्रमेयाचं श्रेय बूर्बाकी नावाच्या, जन्मालाच न आलेल्या गणितज्ञाला देऊन टाकलं. पुढे वेल आणि त्याच्या मित्रांनी याच नावाने ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले आणि बूर्बाकी जगभर गाजला. म्हणजे त्या नसलेल्या माणसाचं नाव छापील शोधनिबंधात आधी आणलं ते आमच्या गोव्याच्या कोसंबींनी!