आमची वाटचाल: शटर जड लागतंय का?

आमच्या दुकानाची पाटी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९६ साली स्वतःच्या हातानं रंगवली. 'रोलिंग शटर बनवून व दुरुस्त करून मिळतील.' त्यातलं 'बनवून' ठळक आणि 'दुरुस्त' बारीक. उजवीकडं जागा संपत आल्यामुळं अक्षर आवळावं लागलं, असं ते सांगतात. आज आमचं निम्म्याहून जास्त पोट त्या बारीक शब्दावर चालतं.

आण्णा आधी कुपवाड एमआयडीसीत वेल्डर होते. जुनं वेल्डिंग मशीन उधारीवर घेऊन त्यांनी सांगली-मिरज रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू केलं. पहिली गिऱ्हाइकं हळदीच्या गोदामांची. हळदीची बारीक पूड गाईडमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या उभ्या चॅनेलमध्ये, साचते. त्यात कुणी हौसेनं ग्रीस भरलं की दोन्हीचा लगदा होतो आणि शटर अडकतं. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही तो पिवळा लगदा खरवडायचेच पैसे घेत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

२००३ साली आण्णांचं मनगट मोडलं. एका गोदामाचं शटर वर जात नव्हतं. स्प्रिंग तुटली असणार असं समजून त्यांनी ब्रॅकेटचा, म्हणजे वरचा पाईप धरून ठेवणाऱ्या आधाराचा, बोल्ट सैल केला. स्प्रिंग तुटलेली नव्हती, शटरची एक पट्टी गाईडमध्ये अडकली होती. बोल्ट सुटला, शटर ज्याला गुंडाळतं तो पाईप गरकन फिरला आणि पाईपला लावलेला पाना त्यांच्या हातावर आला. मी तेव्हा बारावीत होतो. त्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर दुकानात यायला लागलो, तो इथंच राहिलो.

हाताला प्लास्टर असताना आण्णांनी मला पहिली गोष्ट शिकवली, ती स्प्रिंगची. शटरच्या पाईपात पोलादी पट्टीच्या गुंडाळ्या असतात. शटर खाली ओढलं की त्यांना पीळ बसतो आणि तोच पीळ शटर वर न्यायला मदत करतो. म्हणजे दुकान बंद करून आपण घरी जेवायला बसतो तेव्हा ती स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते. बंद शटर निवांत दिसतं म्हणून लोक त्याचे बोल्ट खोलायला धजावतात. चांगलं शटर कमरेएवढं वर करून सोडलं तर तिथंच थांबतं. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग सैल झाली किंवा तुटली, झरकन वर पळालं तर पीळ जास्त बसलाय. ही परीक्षा कुणालाही करता येते. फक्त पाय आणि बोटं शटरखाली ठेवायची नाहीत.

दुकान माझ्या हातात आल्यावर मी एक गोष्ट बदलली. पूर्वी फोन आला की आम्ही थेट गाडी काढायचो. मग दहातल्या तीन-चार ठिकाणी नुसता ब्रश फिरवून दोन थेंब तेल टाकायचं आणि व्हिजिटचे पैसे घ्यायचे. मालक पैसे द्यायचा, पण त्याचं तोंड वाकडं व्हायचं. मी फोनवरच विचारायला लागलो. आवाज करतंय की अडतंय? सरळ उतरतंय की तिरकं? नुसता करकर आवाज असेल तर सांगायचो, "गाईड कोरड्या ब्रशनं झाडा, पातळ तेल नाहीतर सिलिकॉन स्प्रे मारा, ग्रीस लावू नका. आम्हाला बोलावू नका." पहिल्या वर्षी गल्ला आटला. आण्णा म्हणाले, "तू दुकान चालवतोयस का दवाखाना?" पुढच्या वर्षीपासून नवीन शटरच्या ऑर्डरी त्याच लोकांकडून यायला लागल्या, तेव्हा ते बोलायचे थांबले.

पण या फोनच्या सल्ल्यातच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. एका औषध दुकानाच्या मालकांचा फोन आला, "अहो, शटर जरा जड लागायलंय." मी दुसऱ्या कामावर वेल्डिंग करत होतो. म्हटलं, "तेल सोडा काका, बघू परवा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडच्या पोरानं शटर वर ढकललं आणि ते खांद्याएवढं आल्यावर स्प्रिंग तुटली. शटर त्याच्या पायावर आलं. दोन बोटं मोडली. दवाखान्याचा खर्च मी दिला, पण मालक पुढं माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर पहिला प्रश्न बदलला. आता मी आधी विचारतो, "जड लागतंय का?" आवाज, गंज, खालच्या पट्टीची वाकलेली कड, न बसणारं कुलूप, हे सवडीनं बघता येतं. जड लागतंय, तिरकं उतरतंय किंवा वरून मोठा 'टण्ण' आवाज आला म्हणाले, की मी तेल सांगत नाही. "आहे तिथं राहू द्या, खालून कुणी जाऊ नका, मी येतो." शटर अर्ध्यात लटकलं असेल तर ते पाडायलाही मी कुणाला सांगत नाही.

महापुराची दोन वर्षं वेगळीच होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ, जिकडं बघावं तिकडं लोक पहार घालून शटर उचकटत होते. त्यांचंही बरोबर होतं, आत माल कुजत होता. पण चिखल भरलेल्या गाईडमध्ये पहार घातली की पट्ट्या गाईडमधून निसटतात, आणि मग दुरुस्तीऐवजी नवं शटर लागतं. आम्ही बादल्या आणि ब्रश घेऊन फिरलो. आधी पाण्यानं गाईड धुवा, मग उचला, एवढंच सांगत होतो. दोन आठवडे आम्ही मजुरीशिवाय काही घेतलं नाही. खरं काम पुढच्या पावसाळ्याच्या आधी आलं. ज्यांच्या पाईपापर्यंत पाणी पोचलं होतं, त्यांच्या स्प्रिंगा आतून गंजून एकेक तुटायला लागल्या. २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तेव्हा लोक आधीच फोन करत होते.

मधल्या २०२० च्या टाळेबंदीनं मात्र आमचं एक काम फुकटात केलं. अख्खी बाजारपेठ अर्धं शटर उघडून माल विकायला लागली. ज्यांचं शटर अर्ध्यात थांबत नव्हतं, त्यांना खाली लाकडाचा ठोकळा लावावा लागे. पोलिसांची गाडी आली की ठोकळा काढायची घाई. शटरचा तोल म्हणजे काय, हे मी वर्षानुवर्षं सांगून कळलं नव्हतं ते लोकांना दोन महिन्यांत कळलं.

आता धाकटा भाऊ मोटरची कामं बघतो. हातानं ओढायचं शटर ८ चौरस मीटरपर्यंत ठीक, बेअरिंग घातलं तर १२ पर्यंत. त्यापुढं साखळी-गिअर नाहीतर मोटर. मोटरच्या तक्रारींत आम्ही आधी एकच विचारतो, बाजूची कडी काढली होती का? कडी तशीच ठेवून रिमोट दाबला की मोटर ओढत राहते आणि पट्ट्यांचा चुरगळा होतो. विश्रामबागकडच्या बंगल्यांत आता गॅरेजला छताखाली सरकणारी दारंही दिसतात. त्यांची टॉर्शन स्प्रिंग, म्हणजे पीळ बसणारी स्प्रिंग, साधारण १०,००० वेळा उघडझाप सोसेल अशी बनवतात. दिवसातून चार वेळा गाडी काढली-लावली तर सातेक वर्षं. तिथं आम्ही तेल-पाणी करतो, रोलर बदलतो, सेन्सरची काच पुसतो. स्प्रिंगला हात लावत नाही, त्या कंपनीचा माणूस बोलावून देतो. भावाला हे पटत नाही. त्याला कोर्स करायचाय. आण्णा त्याला काही म्हणत नाहीत, नुसतं मनगट चोळतात.

आण्णा अजून रोज दुकानात बसतात. पाटी पुन्हा रंगवू म्हटलं तर नको म्हणतात.

ते औषध दुकान आमच्या घराच्या वाटेवर आहे. त्यांनी नवं शटर दुसऱ्याकडून बसवून घेतलं. रात्री बंद करताना मी जाता-जाता बघतो, उजवीकडून दोन बोटं तिरकं उतरतंय. ब्रॅकेट सरकला असणार. गेल्या महिन्यात हेल्परकडून निरोप पाठवला, "आम्हाला नाही तर ज्यांनी बसवलं त्यांना बोलवा, पण दाखवून घ्या." अजून तिरकंच आहे.