इंद्रवज्र कोणाभोवती

पहिल्या खेपेला इंद्रवज्र मला दिसलं होतं, जेमतेम दहा-बारा सेकंद. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या धारेपासून दोन पावलं मागे उभी होते. दरीतून धुकं वर येत होतं आणि अचानक पाठीमागून ऊन पडलं. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर माझी सावली उमटली आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं गोल कडं. मी बटण दाबलं. लेन्स नुसती मागेपुढे घरघरत राहिली. धुक्यात ऑटोफोकसला धरायला काहीच मिळत नव्हतं. ती थांबेपर्यंत समोर पुन्हा सगळं पांढरं झालं होतं.

काम दिनदर्शिकेचं होतं. बारा महिने, बारा किल्ले. अकरा झाले होते. हरिश्चंद्रगडाचा नेहमीचा फोटो माझ्याकडे होता, नागाच्या फण्यासारखी आत वळलेली ती काळी भिंत, आणि छापखान्याला तो चाललाही असता. पण डोळ्यांनी एकदा इंद्रवज्र पाहिल्यावर दुसरं काही द्यायला मन तयार होईना.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावर असंच गोल इंद्रधनुष्य पाहिलं होतं. त्यात आपली, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली दिसल्याचं त्याचं वर्णन १८३५ साली छापून आलं. जवळपास दोनशे वर्षं झाली, तरी गणित तेच आहे. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीमागून यावं लागतं. समोर दरीत धुकं हवं, ते कड्याच्या जवळ हवं, आणि आपण उभे आहोत तिथे मात्र नको. यातलं एक जरी हुकलं तरी काही दिसत नाही. दुसऱ्या खेपेला दोन दिवस नुसता पाऊस होता. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तिसऱ्यांदा सप्टेंबरच्या शेवटी गेले, मुद्दाम आठवड्याच्या मधल्या दिवसांत. गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात मुक्काम केला. गडावर चहा-पोह्यांचं खोपट चालवणारे एक मामा रोज पहाटे दूध आणि सामान घेऊन वर जायचे, त्यांच्याबरोबर चार वाजता टॉर्चच्या उजेडात चढायला लागायचं. एक फायदा असा की कॅमेरा वाटभर थंड हवेतच असायचा. गार झालेला कॅमेरा एकदम उबदार, दमट हवेत नेला की काच धुरकटते आणि पुसून पुसून वेळ जातो.

पहिला दिवस पूर्ण पांढरा. पाच फुटांपलीकडचं दिसेना. मी ट्रायपॉड लावून साडेदहापर्यंत बसले. मामा मधूनच चहा आणून द्यायचे. मी म्हटलं, "आज काही खरं नाही." ते म्हणाले, "ताई, धुकं वर येतंय तोवर नाही दिसायचं. ते खाली बसलं पाहिजे. तुम्ही माझ्या खोपटाचा कागद बघत जा." खोपटावर निळा प्लास्टिकचा कागद होता, एका कोपऱ्याला सुटलेला. दरीतून वारा वर चढत असला की तो कोपरा मंदिराच्या बाजूला फडफडायचा. वारा पडला की सरळ खाली लोंबायचा. इतकी वर्षं मी धुक्याकडे बघत होते आणि वारा कॅमेऱ्याच्या पिशवीवर मोजत होते!

दुसऱ्या दिवशी फोटो मिळाला नाही, पण तो दिवस मी वाया गेला म्हणणार नाही. बसल्या जागी कारवीच्या पानाकडे बघत होते. पान खरखरीत, त्याच्या लवेवर धुक्याचे थेंब. आधी मोहरीएवढेही नाहीत, मग दोन एकमेकांना चिकटायचे, जड व्हायचे आणि मधल्या शिरेवरून ओघळून टोकाशी येऊन लटकायचे. एक थेंब पडायला किती वेळ लागतो हे बघता बघता पाऊण तास गेला. त्या थेंबांचे बावीस फोटो काढले. त्यातला एक पुढे दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर गेला. इंद्रवज्रही अशाच थेंबांचं असतं, फक्त ते इतके बारीक असतात की हवेत तरंगतात, आणि त्यांच्यातून मागे फिरलेला उजेड रंग घेऊन आपल्याकडे येतो. हे मी कधीच वाचलं होतं. त्या पानापाशी ते डोळ्यांना पटलं.

तिसऱ्या दिवशी सात वाजून गेल्यावर निळा कागद लोंबला. मी फोकस आधीच हाताने लावून ठेवला होता. एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवलं, नाहीतर धुकं राखाडी येतं. धुकं हळूहळू धारेखाली उतरलं आणि समोर पंधरा-वीस मीटरवर भिंतीसारखं थांबलं. पाठीवर ऊन लागलं ते आधी कळलं, मग दिसलं. बाहेरून लालसर, आत पिवळं, हिरवट, निळं, आणि त्यापलीकडे अजून एक फिकट कडं. मी मामांना जोरात हाक मारली. ते पोह्यांचा झारा हातात घेऊनच आले आणि माझ्यापासून दहाएक फुटांवर उभे राहिले.

"आलं बघा माझ्या डोक्याभोवती!" ते म्हणाले.

"नाही मामा, माझ्या."

"अहो, माझ्या. हा काय झारा दिसतोय."

दोघंही खरं बोलत होतो. ज्याच्या त्याच्या डोळ्याला ते ज्याच्या त्याच्या डोक्याभोवतीच दिसतं. माझ्या फोटोत कडं माझ्या सावलीभोवती येत होतं आणि मामांची सावली, झाऱ्यासकट, बाहेर एका बाजूला. कागदाची खूण, चहा, सगळं त्या माणसाचं, आणि तेच चौकटीच्या कडेला.

मी गळ्यातला पट्टा काढून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "डोळ्याला लावा. हे बटण. बाकी कशाला हात लावू नका."

त्यांनी झारा माझ्याकडे दिला, हात धोतराला पुसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. चार वेळा बटण दाबल्याचा आवाज आला. मग खालून वारा सुटला, कागद फडफडला आणि सगळं पांढरं झालं.

सप्टेंबरच्या पानावर मामांनी काढलेला फोटो छापला आहे.